गळ, गाळ आणि चिलापीचं तळं

खानापूर तालुक्यात, मलप्रभेपासून दोन किलोमीटर आत आमचं गाव. बस थांब्यासमोर माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. दुकानाच्या पायरीला सावली असते, त्यामुळे संध्याकाळी पाचनंतर तिथं सातवी ते दहावीची पोरं बसतात, प्रत्येकाची मान मोबाईलमध्ये. मला ती 'मिस्त्रीमामा' म्हणतात. गेल्या वर्षी गणपती झाल्यावर मंडळाकडं थोडे पैसे उरले. कुणी क्रिकेटची मॅट म्हणालं, कुणी साउंड सिस्टिम. मी म्हणालो, पोरांना गळ टाकायला शिकवू. सगळे हसले. पण मॅटचा भाव कळल्यावर माझा विचार स्वस्त निघाला, म्हणून मंजूर झाला.

तेव्हापासूनच्या एका वर्षाची ही हकिकत. शेजारच्या गावांतून दोघा-तिघांनी 'तुम्ही नेमकं काय केलं' म्हणून विचारलं, म्हणून जे फसलं तेही लिहितोय.

फसलं ते पहिल्याच रविवारी. बेळगावहून चार फायबरच्या काठ्या आणल्या, रीलसकट. टेम्पो ठरवला आणि आठ मुलांना घेऊन घटप्रभेवरच्या हिडकल धरणाच्या पाणफुगवट्याला गेलो. तिथल्या मच्छीमार सोसायटीतल्या एका ओळखीच्या माणसाला आधी विचारलं होतं. डोक्यात चित्र असं की एखादा पाच किलोचा कटला गळाला लागणार आणि पोरं आयुष्यभर विसरणार नाहीत. सकाळी आठ ते दुपारी एक, तरंगा हलला नाही. दोन रीलवर तंगुसाचा (नायलॉनच्या दोऱ्याचा) असा गुंता झाला की तो ब्लेडनं कापावा लागला. साडेदहालाच एकानं विचारलं, "मामा, अजून किती वेळ?" अकरा वाजता आठही जण मोबाईल काढून झाडाखाली. परतीच्या वाटेवर टेम्पोवाला म्हणाला, "बाजारात दोनशेला किलो मिळालं असतं की."

त्या रात्री मला माझं आजोळ आठवलं. चंदगड तालुक्यात, ताम्रपर्णीच्या काठी. आजोबांनी मला पहिल्यांदा गळ दिला तेव्हा डोहावर नेलं नव्हतं. बायका जिथं भांडी घासायच्या त्या दगडापाशी बसवलं होतं. खरकट्या भाताची शितं पाण्यात पडायची आणि बोटाएवढ्या माशांची तिथं झुंबड असायची. कळकाची हातभर उंच काठी, तितकाच तंगूस, मुंगीएवढा गळ, त्याला भाताचं एक शीत. बसल्यापासून पाच मिनिटांत मासा. तो मासा कुणी खाल्लाही नसता, पण मी तो आजीला दाखवायला पळत गेलो होतो.

पुढच्या रविवारी फायबरच्या काठ्या दुकानात टांगून ठेवल्या. गावाच्या ओढ्यावर गेलो. कळकाच्या काठ्या, जुन्या हवाई चपलेचे तुकडे कापून केलेले तरंगे आणि शेणाच्या उकिरड्याखालची गांडुळं. नवव्या मिनिटाला पहिली ओरड झाली. बाराच्या सुमाराला मीच 'चला आता' म्हणत होतो आणि कुणी उठत नव्हतं.

माझा अनुभव एवढाच सांगतो: नवख्या पोराचा तरंगा पहिल्या अर्ध्या तासात एकदा तरी बुडला पाहिजे. मासा केवढा याला काही अर्थ नाही. धीर हा मासेमारीतून येतो, मासेमारीला बसताना सोबत आणायचा नसतो, आणि हे आम्ही मोठी माणसं विसरतो.

इथपर्यंत मला वाटत होतं की आपलं काम पोरांना गोडी लावण्याचं. पुढच्या दोन महिन्यांत कळलं की गोडी त्या नवव्या मिनिटालाच लागली होती. आता खरं काम होतं ते काठावरच्या मोठ्या माणसांशी. प्रत्येकाची हरकत वेगळी, आणि बहुतेकांची खरी.

पहिली हरकत आयांची. 2019च्या ऑगस्टमध्ये आलेला पूर या भागात कुणी विसरलेलं नाही. त्यात मलप्रभेचा स्वभाव असा की ती कणकुंबीला उगम पावते, घाटमाथ्यावर पाऊस पडला की इथं लख्ख ऊन असतानाही पाणी चढतं. खाली नविलुतीर्थापर्यंत अडवायला धरण नाही. म्हणून ठरलं: नदीच्या डोहावर जायचं नाही, गुडघ्याच्या वर पाण्यात उतरायचं नाही, चार पोरांमागं एक पोहणारा मोठा माणूस, आणि ट्रॅक्टरची हवा भरलेली जुनी ट्यूब दोरी बांधून काठावर. परतीच्या पावसात दुपारी ढग भरून आले की काठ्या गुंडाळायच्या. आयांना एकदा ओढ्यावर बोलावलं. त्यातली एक तर दगडाखाली हात घालून झिंगे कुठं बसतात ते दाखवायला लागली; माहेरी जुन्या लुगड्याचा तुकडा दोघींनी धरून झिंगे गाळायच्या म्हणाली. त्यानंतर तिच्या पोराला कुणी अडवलं नाही.

डिसेंबरात माझ्यामुळं अपघात झाला. माझ्यामुळंच म्हणतो, कारण काठी मागं नेताना पाठीमागं बघायचं हे मी शिकवलं नव्हतं. एकानं झटका मारला आणि मागं उभ्या मुलाच्या अंगठ्यात गळ रुतला. गळाच्या टोकाला उलटा काटा असतो. आत जाताना तो सहज जातो, मागं ओढला की मांस धरतो. मी घाबरून मागंच ओढला. पोरगं किंचाळलं तेव्हा हात थांबला. खानापूरला दवाखान्यात डॉक्टरांनी जागा बधिर केली, गळ मागं न ओढता पुढं ढकलला, टोक कातडीतून बाहेर काढलं आणि विचारलं, "कापायला काय आहे?" माझ्या खिशात तांब्याची तार कापायची पक्कड होती. ती त्यांनी स्पिरिटनं पुसली, काटा कापला आणि उरलेला गळ आला तसा अलगद मागं निघाला. मग धनुर्वाताचं इंजेक्शन. त्या मुलाच्या वडिलांनी मला जे ऐकवलं ते इथं लिहीत नाही, पण त्यातलं एकही वाक्य चुकीचं नव्हतं.

त्याच रात्री दुकानात बसून सगळ्या गळांचे उलटे काटे पकडीनं दाबून सपाट केले. पोरं कुरकुरली, कारण असा गळ तंगूस जरा सैल पडला की माशाच्या तोंडातून सुटतो. पण त्यामुळंच तंगूस ताठ ठेवायची सवय लागली. शिवाय मासा सोडायचा असेल तर दोन बोटांनी गळ निघतो, माशाचा जबडा फाटत नाही.

मासा सोडण्यावरून आठवलं. आमच्यातल्या एका मुलाचे आजोबा माळकरी, दरवर्षी आषाढीला पंढरपूरला जाणारे. नातू मासे धरतो म्हणून ते नाराज असणार हे मला ठाऊकच होतं. त्यांची समजूत काढायला गेलो. सांगितलं, "आजोबा, तो खात नाही. धरतो आणि सोडून देतो." मला वाटलं, म्हातारा खूश होईल. ते म्हणाले, "खाणारा पोटासाठी मारतो, ते एक मला समजतं. सोडायचा होता तर धरला कशाला?"

याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं, आजही पुरतं नाही. फोटोसाठी मासा पाच-पाच मिनिटं हवेत धरून ठेवणारे लोक मी धरणावर पाहिलेत, आणि आजोबांचा प्रश्न त्यांना चपखल बसतो. आम्ही तीन नियम केले. जो खायचा तो लगेच मारायचा, टोपलीत तडफडत ठेवायचा नाही. जो सोडायचा तो ओल्या हातानं धरायचा, कारण कोरड्या हातानं त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मग त्याला रोग धरतो. आणि मासा पाण्याबाहेर आहे तोवर आपण आपला श्वास रोखून धरायचा. हा शेवटचा नियम पोरांना फार आवडला. आपला दम तुटायला लागला की मासा आपोआप पाण्यात जातो. आजोबांनी नातवाला परवानगी दिली, पण गळ हातात न धरण्याच्या अटीवर. तो वहीवाला झाला. कुठला मासा, कुठं, कशावर लागला, हे लिहितो.

त्या वहीनं एक वेगळीच वाट काढली. गावात भोयांची तीन घरं आहेत. त्यातल्या एका काकांकडं वही घेऊन मुलं नावं विचारायला जायला लागली. रोहू, कटला, मृगळ हे तळ्यात सोडलेले, ते सगळ्यांना माहीत. नदीतले निराळे: मरळ, वाम, शिंगाळा, खडशी. मी मुलांना एक गोष्ट सांगितली ती त्यांना खरीच वाटेना. सायक्स नावाच्या एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानं 1839 मध्ये दख्खनच्या माशांची शास्त्रीय नावं प्रसिद्ध केली, आणि त्यातली कित्येक नावं त्यानं इथल्या लोकांच्या तोंडून ऐकून तशीच घेतली. म्हणून जगभरच्या शास्त्रज्ञांच्या पुस्तकात शिंगाळ्याचं नाव आजही 'स्पेराटा सींघाला' आहे आणि आपल्याकडच्या महाशीराचं 'टोर खुद्री'. म्हणजे दोनशे वर्षांपूर्वी कुणीतरी असाच वही घेऊन एखाद्या भोयाच्या दारात उभा होता, आणि 'याला काय म्हणता?' विचारत होता.

भोई काकांचा नातू आठवीत आहे. मला वाटलं, हा आपल्यात सगळ्यात आधी येईल. तो एकदाही आला नाही. विचारलं तर म्हणाला, "मामा, सुट्टीच्या दिवशी पण मासेच?" पहाटे चारला आजोबांबरोबर जाळी ओढणाऱ्या पोराला रविवारी क्रिकेट खेळायचं असतं. ज्यांच्या घरी हे पोटाचं काम आहे त्यांच्या दारात आपण 'छंद' म्हणून जातो, तेव्हा जरा चाचपडत जावं. काकांनी आम्हाला नदीचा एक पट्टा आखून दिला आणि सांगितलं, याच्या पलीकडं माझी जाळी असतात, तिकडं फिरकायचं नाही. 'हे भोयांचं काम, आपल्या पोरांनी कशाला' असं म्हणणारी दोन घरं गावात निघालीच. त्यांची पोरं बंद झाली. आठाची सहा राहिली.

जानेवारीच्या शेवटी ओढा आटला. उरलं ते गावाबाहेरचं तळं. त्याचा मासेमारीचा ठेका पंचायतीच्या लिलावात जातो, आणि ठेकेदार बैलहोंगलकडचे, कन्नड बोलणारे गृहस्थ. मी आधी पंचायतीत पीडीओंकडं, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांकडं, जायला हवं होतं. गेलो नाही. 'पोरांच्या चार काठ्यांना कोण विचारतंय' असं मनात धरलं आणि बसलो. अर्ध्या तासात मोटारसायकल आली.

"यार मक्कळु इवरु?" कुणाची पोरं ही?

माझी कन्नड दुकानापुरती. मोटर, वायर, पैसे. मी शब्द जुळवत असताना आमच्यातल्या एका मुलीनं पुढं होऊन सांगितलं, "नम्म हत्र बले इल्ल, गाळ अष्टे." आमच्याकडं जाळं नाही, गळ तेवढा. ती कन्नड शाळेत शिकते, घर लिंगायतांचं, शुद्ध शाकाहारी. मैत्रिणीबरोबर बघायला आली आणि राहिली. 'गाळ' ऐकून आमचा एक जण बावचळला. त्याला वाटलं, ही तळ्यातल्या चिखलाबद्दल बोलतेय. मग कळलं की आपण ज्याला गळ म्हणतो त्यालाच कन्नडमध्ये गाळ म्हणतात. एका कान्याचा फरक. ठेकेदारही हसले.

त्यांनी एक काठी हातात घेतली, गळ नखावर ठेवून पाहिला. रात्री जाळी टाकून चोरी करणाऱ्यांनी त्यांना बेजार केलं होतं, पण या गळावर रोहू-कटला निघणार नाही हे त्यांना दिसलं. मग त्यांनी आपलं दुखणं सांगितलं. पावसाळ्यात ते विकत आणलेली बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडतात, रोहू-कटल्याची. खाद्य घालतात. आणि ते खाद्य खाते चिलापी. हा मासा मूळचा आफ्रिकेतला, आपल्या देशात 1952 मध्ये आणला गेला. तो दोन-तीन महिन्यांतच वयात येतो, वर्षातून अनेकदा पिल्लं घालतो, आणि तळ्यात गर्दी झाली की तळहाताएवढाच राहतो. बाजारात त्याला भाव नाही. जाळ्याच्या डोळ्यातून बारकी चिलापी निसटते. गळाला मात्र ती हपापल्यासारखी लागते.

सौदा तिथंच झाला. दक्षिणेचा काठ पोरांचा. फक्त चिलापी काढायची, एकही परत सोडायची नाही. रोहू-कटला लागला तर लगेच पाण्यात. दुसऱ्या दिवशी मी पीडीओंना भेटून रीतसर सांगितलं, उशिरा का होईना. माळकरी आजोबांना हे कळलं तेव्हा ते काही बोलले नाहीत, फक्त विचारलं, "मग खातात का?" खातात, आजोबा. सोमवार, गुरुवार, शनिवार सोडून. हळद-मीठ लावून रव्यात घोळवून तव्यावर.

मार्चमध्ये परीक्षा. एक जण एसएसएलसीला, म्हणजे दहावीला होता, तो गेला. एप्रिल-मेच्या सुट्टीत तळं उतरलं आणि चिलापी अशी लागायला लागली की वहीवाल्याचा हात दुखायचा. काठावरच्या चिखलात चिलापीच्या नरांनी केलेले ताटाएवढे गोल खड्डे उघडे पडले होते; पोरांना आधी वाटलं, म्हशींचे पाय.

मेमधली एक सकाळ. त्या कन्नड शाळेतल्या मुलीच्या काठीला जड काही लागलं. वीतभर चिलापी, पण गळ तोंडात नव्हता, ओठाला बाहेरून अडकला होता. तिनं हात ओले केले, श्वास रोखला, सवयीनंच, आणि मासा तळव्यावर घेतला. गळ काढताना माशानं तोंड उघडलं आणि आतून काहीतरी सांडलं. मोहरीहून जरा मोठे, डोळे असलेले ठिपके. तिच्या ओंजळीतल्या पाण्यात ते वळवळायला लागले. दहा, वीस, मग मोजता येईनात.

चिलापीची मादी अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते. तेवढे दिवस ती सहसा खात नाही, म्हणून तर गळ बाहेरून अडकला होता. हे मला पुस्तकी माहीत होतं. पाहिलं मीही पहिल्यांदाच. सहा जण आणि मी, कुणी बोलेना. मुलीचा दम कधीच संपला होता, ती तोंडानं श्वास घेत होती.

सौदा स्पष्ट होता. हीच ती पिल्लं, ज्यांच्यामुळं ठेकेदाराचं खाद्य फुकट जातं. ते स्वतः दहा हातांवर उभे होते. तिनं त्यांच्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. मी काही बोललो नाही, खरं तर मला सुचलंच नाही. तिनं ओंजळ पाण्यात खाली केली. मादी क्षणभर तिथंच थांबली. मग पिल्लांचा तो काळा पुंजका माशाच्या डोक्याशी गोळा झाला आणि तोंडात गेला की पाण्यात विरला, आम्हाला नीट दिसलं नाही. ठेकेदार मान हलवत मोटारसायकलकडं गेले. वहीवाल्यानं विचारलं, "मामा, हिला धरलेल्यात लिहू की सोडलेल्यात?"

जूनमध्ये आम्ही काठ्या टांगल्या. पहिल्या पावसात मासे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध चढतात, त्या चढणीच्या माशांवर या भागात सगळं गाव तुटून पडतं, काठी, पोतं, मच्छरदाणी जे मिळेल ते घेऊन. पोटात अंडी असलेला एक मासा काढणं म्हणजे काय, हे मे महिन्यानंतर या पोरांना मला सांगावं लागलं नाही. मग श्रावण आलाच. त्या काळात दुकानात गाठी शिकलो. नायलॉनची गाठ आवळताना आधी थुंकीनं ओली करायची, नाहीतर घासून तापते आणि तिथंच तुटते. तांब्याच्या वेटोळ्यात आयुष्य गेलेल्या माणसाला हे शिकवायला मजा येते. भीमगडच्या अभयारण्यात गळ का चालत नाही, जिलेटिन फोडून किंवा पाण्यात विष कालवून मासे मारणं 1897च्या कायद्यापासून गुन्हा का आहे, हेही बोलणं झालं. बोलण्याचा फार उपयोग होतो असं नाही. एप्रिलमध्ये नदीच्या एका डोहावर ब्लीचिंग पावडरचा वास आणि पांढऱ्या पोटाची मासळी आम्ही पाहिली होती. तक्रार केली, पुढं काही झालं नाही. ते करणारे गावातलेच आहेत आणि पोरांना नावं माहीत आहेत.

यंदा गणपतीनंतर पुन्हा बसलो तेव्हा पाच जण होते. जुने चार आणि पाचवा तो, ज्याच्या अंगठ्यात गळ गेला होता. त्या दिवसापासून तो घरीच बसला होता, आणि या खेपेला त्याला त्याचे वडीलच सोडून गेले. भोई काकांचा नातू अजून क्रिकेटच खेळतो. पैशांचं म्हणाल तर फायबरच्या चार काठ्यांवरच सगळ्यात जास्त गेले, आणि त्या अजून भिंतीवर टांगलेल्या आहेत.

परवा, गुरुवारी, ठेकेदारांचा फोन आला. आता आम्ही अर्धं मराठी, अर्धं कन्नड बोलतो.

"मिस्त्री, रविवारी पोरांना लावून द्या. चिलापी लई झालीय." जरा थांबून म्हणाले, "आणि त्या पोरीला सांगा, तिची पिल्लं मोठी झाली."